शेजारधर्म

मी फुमिए कुरोइवा. नागोयाच्या प्रयोगशाळेत
माझं काम शिजवण्याचं.
समुद्री शेवाळाचा कांतेन, तुम्ही आगर म्हणता तो,
मांसाच्या रसात विरघळवायचा, गाळायचा,
काचेच्या बशांत ओतायचा,
थिजला की बशा पालथ्या.

आई चिनोची. थंडीत भाताच्या रिकाम्या खाचरांत
ती हाच कांतेन रात्री गोठवायची,
दिवसा वितळू द्यायची, पुन्हा रात्री गोठवायची.
शेवटी उरायचं ते कागदासारखं हलकं,
पाणी सगळं आभाळाला दिलेलं.
तिच्या कांतेनच्या आम्ही गोड वड्या खायचो.
माझ्या कांतेनवर हगवणीचे जंतू जेवतात.
हे तिला कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी नदीपलीकडच्या वॉर्डातून एक नमुना आला.
मुलगा सात वर्षांचा, चिठ्ठीवरचं नाव ओलं होऊन पुसलेलं.
मी चार बशा ओतल्या, चार औषधांच्या:
सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन.
सकाळी बशा कोऱ्या हव्या होत्या.
चारींवर दंव पडल्यासारखे ठिपके.

डॉक्टर निवा म्हणाले, बशा चुकल्यात.
मी पुन्हा शिजवलं. पुन्हा ठिपके.
तिसऱ्यांदा ते काही बोलले नाहीत,
चष्मा काढून टेबलावर ठेवला फक्त.

आता कळतं ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.
जंतूच्या पोटात हजारो विणकरणी बसलेल्या,
नमुन्यातली तीन-तीन अक्षरं वाचतात
आणि एकेक टाका घालतात,
न बोलता, न थांबता.
एक औषध त्यांचं वाचन बिघडवतं:
सुलट्याच्या जागी उलटा, सगळं अंगडं वाकडं.
दुसरं लोकर आणणाऱ्याला उंबऱ्यावरच अडवतं.
तिसरं टाक्याला टाका जुळूच देत नाही.
(सल्फाची तऱ्हा निराळी, ती विणकामात पडत नाही.)
विणणं थांबलं की जंतूचं वाढणं थांबतं.
थांबायला हवं होतं.

मग निवांनी त्याच मुलाच्या आतड्यातला
एक गरीब जंतू घेतला,
ज्याच्या नावाने कुणी कधी बोटं मोडली नव्हती,
आणि हगवणीच्या साध्या जंतूशेजारी
एकाच परीक्षानळीत रात्रभर ठेवला.
रस मीच शिजवला होता.
सकाळी साधा साधा उरला नव्हता.
चारही औषधं पचवायला शिकला होता एका रात्रीत.

केसाहून बारीक एक हात पुढे होतो,
दोघं ओढले जातात जवळ,
आणि एक गोल चिठ्ठी, म्हणजे तिची नक्कल,
या घरातून त्या घरात.
बापाकडून नाही, आजाकडून नाही.
कूळ कोण विचारतो?
देणाऱ्याचं काही कमी होत नाही.
याला शेजारधर्म म्हणावं,
तर वॉर्डातली ती खाट रिकामी झाली.
दोन्ही एका वाक्यात बसवणं
मला अजून जमलेलं नाही.

माझ्या शेवटच्या वर्षी सायो कामाला लागली.
कोळ्याची मुलगी, शब्दाला महाग.
थर्मामीटर घेऊन फ्लास्कपाशी ताटकळायची.
एकदा तिच्यासमोर मी फ्लास्क गालाला लावला.
चटका बसत नाही, पण ऊब दातांपर्यंत उतरते,
तेव्हा ओतायचं.
तुम्हाला कुणी शिकवलं, तिने विचारलं.
आईने, असं तोंडावर आलं होतं.
पण खरं तर आईच्या शेजारी
कांतेन वाळवणाऱ्या बाईने,
कोरियातून आलेली होती, पाठीला तान्हं.
तिचं नाव आमच्या घरात
कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दारातून पाहिलं:
सायोचा डावा गाल लाल,
आणि टेबलभर बशा
पालथ्या.